लोकल दोन मिनिटांनी का सोडत नाहीत? एका मोटरमनचं उत्तर

प्रश्न असा आला होता की सकाळी दर तीन-चार मिनिटांनी लोकल येते तर मग ती दोन मिनिटांनी का सोडत नाहीत, सेंट्रलची गाडी रोजच लेट का, आणि सगळ्या लोकलचे दरवाजे बंद करून चालवायला एवढं अवघड काय आहे. मी सेंट्रलला 27 वर्षं काढली, त्यातली बरीचशी जुन्या डीसी करंटच्या गाड्यांवर आणि शेवटची एसी करंटच्या, 2019 ला रिटायर झालो. तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात पण माझ्या मते तिन्हीचं उत्तर एकाच जागी सापडतं, प्लॅटफॉर्मवर गाडी किती सेकंद उभी राहते तिथे. लोकं म्हणतात गाड्या फास्ट करा, स्पीड वाढवा. स्पीडने काही होत नाही हो. स्लो लोकलला दोन स्टेशनांच्या मध्ये पूर्ण स्पीड घ्यायला जागाच नसते, जरा कुठे नॉच दिला, म्हणजे पॉवरचा दांडा टप्प्याने पुढे ढकलला, की पुढचं स्टेशन येतं.

आधी तीन मिनिटांचा हिशोब बघू. बारा डबा गाडी म्हणजे साधारण 260 मीटर लांब. ती प्लॅटफॉर्मला उभी आहे आणि मागे दुसरी येतेय असं समजा. पहिली 30 सेकंद उभी राहिली, मग सुटली, पूर्ण 260 मीटर बाहेर पडायला अजून अर्धा मिनिट तरी जातो कारण भरलेली लोकल काही मोटरसायकल नाही. बरं गाडीचं शेपूट सिग्नलच्या पुढे गेलं म्हणून मागचा सिग्नल लगेच पिवळा होत नाही, ते शेपूट सिग्नलच्या पुढे आणखी 120 मीटर जावं लागतं, त्याला ओव्हरलॅप म्हणतात, म्हणजे मागच्या मोटरमनकडून चुकून लाल ओलांडला गेला तरी पुढच्या गाडीला ठोकायच्या आत थांबायला थोडी जागा राहावी. मग मागची गाडी पिवळ्यावर स्पीड कमी करत करत आत येणार, त्यात अजून एक मिनिट. सगळं धरून दोन-सव्वादोन मिनिटं अशीच गेली आणि वरचे राहिलेले चाळीस-पंचेचाळीस सेकंद ही राखीव. तुम्ही म्हणता दोन मिनिटांनी सोडा, म्हणजे ती राखीव तर गेलीच आणि वर थोडी उधारी.

आणि ती राखीव आज पण शिल्लक राहत नाही. कागदावर मधल्या स्टेशनला हॉल्ट 20 ते 30 सेकंदांचा. सीएसएमटी ते कल्याण स्लो मार्गावर एकूण 26 स्टेशनं, म्हणजे मधले हॉल्ट 24. प्रत्येक ठिकाणी फक्त 10 सेकंद जास्त लागले तर 240 सेकंद, चार मिनिटं झाली, म्हणजे कल्याणला पोचेपर्यंत तुमच्या मागची गाडी तुमच्या शेपटाला लागलेली. हे कोणाच्या चुकीने नाही, काही बिघडलंही नाही, नुसते दहा-दहा सेकंद.

हे दहा सेकंद कुठे जातात ते केबिनमधून दिसत नाही पण कळतं. सकाळची वेळ, डोंबिवली, अप फास्ट, म्हणजे मुंबईकडे जाणारी. गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आधीच दारातली माणसं आत रेटा देऊन घट्ट होतात कारण त्यांना माहीत असतं आता काय होणार आहे. उतरणारे जवळपास कोणी नाही, सगळे चढणारे. थांबली की पहिल्या पाच सेकंदांत बरेचसे चढतात, ते रोजचे लोक, त्यांना आपली जागा पाठ असते. मग उरतात ते शेवटचे दोन-तीन, एक पाय आत एक हात दांड्याला, आणि गार्ड मागून बघत असतो की हा आत जातोय की खाली उतरतोय. (गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, माझ्या तोंडात गार्डच बसलाय.) मला पुढून मागचं काही दिसत नाही, माझ्यासाठी स्टार्टर, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या टोकाचा सिग्नल, पिवळा किंवा हिरवा आहे आणि मी बेलची वाट बघतोय. दोन बेल आल्या की निघायचं, एक बेल म्हणजे थांब. कित्येकदा दोन बेल येतात, मी नॉच देतो, गाडी दोन हात सरकते आणि एक बेल. म्हणजे मागे कोणीतरी लटकलं, पडलं, किंवा धावत येऊन हात घातला. परत ब्रेक, परत दोन बेल, 15 सेकंद गेले. गार्ड बरोबरच करतो, मी कधीही त्या एका बेलवर चिडलो नाही, पण ते 15 सेकंद परत कुठून आणायचे, पुढे ठाण्याला तर अजून गर्दी.

एक गाडी अशी दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या स्टेशनला तिच्यासाठी दोन मिनिटांची जास्त माणसं साचलेली असतात, मग ती अजून जास्त थांबते, अजून मागे पडते. तिच्या मागची गाडी मात्र रिकामी येते कारण हिने सगळे उचलले. याला आम्ही बंचिंग म्हणतो. म्हणून माझं साधं निरीक्षण, लेट झालेल्या आणि ठासून भरलेल्या गाडीच्या मागोमाग लगेच दुसरी इंडिकेटरवर दिसत असेल तर ती बऱ्यापैकी मोकळी असते, तीन मिनिटं थांबा.

आता सेंट्रल लेट का. वेस्टर्नवाले शिस्तीचे आणि सेंट्रलवाले ढिले असं काही नाही, नकाशा बघा. वेस्टर्न ही एक सरळ दोरी आहे, चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर, पुढे डहाणू रोड. सेंट्रलचं झाड आहे. कल्याणला दोन फांद्या फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जत-खोपोलीकडे, इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस लागतं ते नॉर्थईस्ट साउथईस्ट वरून. नाशिककडून येणाऱ्या सगळ्या मेल-एक्सप्रेस कसारा घाट उतरून, आणि पुण्याकडच्या सगळ्या बोरघाट उतरून, कल्याणला एकत्र येतात आणि तिथून आपल्याच रुळांवर घुसतात. मालगाड्या वेगळ्या. एक मेल नाशिकच्या पलीकडे कुठेतरी वीस मिनिटं लेट झाली तर ती तिच्या ठरलेल्या फटीत येत नाही, कुठल्यातरी दोन लोकलच्या मध्ये घालावी लागते. त्यात सकाळी या लांबच्या गाड्या मुंबईत शिरायची वेळ आणि ऑफिसची वेळ एकच.

यावर उपाय एकच होता, मेल-एक्सप्रेसला वेगळे रूळ. पाचवी-सहावी लाइन. ठाणे-दिवा तुकडा कित्येक वर्षं रखडला होता, तो फेब्रुवारी 2022 ला सुरू झाला, त्याआधी फास्ट लोकल आणि मेल दोन्ही पारसिक बोगद्यातून एकाच जोडीवर. बोगदा 1916 चा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब. नवी लाइन झाल्यावर फास्ट लोकल मुंब्रा-कळव्याच्या बाजूने फिरवल्या आणि बोगदा लांबच्या गाड्यांना दिला. फरक पडला, मी रिटायर झालो होतो पण माझ्यानंतरची पोरं सांगतात पडला. पण ती पाचवी-सहावी कुर्ल्यापर्यंतच आहे. कुर्ला ते सीएसएमटी अजून चारच रूळ, म्हणजे बाटलीचं पोट मोठं केलं आणि मान तेवढीच. जमीन नाही, दोन्ही बाजूला वस्ती, जुने पूल, सगळं खरं आहे, पण सेंट्रलच्या लेटचं मूळ कुठे आहे विचाराल तर मी आधी तिथेच बोट ठेवेन, आणि मग दिव्याच्या फाटकावर.

फाटकाचं लोकांना पटत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी फाटक उघडलं की त्या सगळ्या रुळांचे सिग्नल लाल. फाटक पूर्ण बंद होऊन लॉक झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, तशी रचनाच असते. आता एक रिक्षा शेवटच्या क्षणी घुसली आणि दांडा तिच्यावर अडला की अख्खी सेंट्रल थांबली, दोन्ही बाजूंनी. मी दिव्याच्या अलीकडे लाल सिग्नलला उभा राहून समोर फाटकातली ती गर्दी बघत किती वेळ घालवला असेल याचा हिशोब नाही. फाटकाच्या जागी उड्डाणपूल, यापेक्षा स्वस्तात वेळ वाचवणारं काम सेंट्रलवर दुसरं नाही.

लाल सिग्नलवरून आठवलं, लोकं विचारतात मध्येच अंधारात गाडी एक-दोन मिनिटं थांबते आणि मग मुंगीच्या पावलाने सरकते ते काय. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर नियम असा की दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग सिग्नल लालच राहिला तरी अगदी कमी स्पीडने पुढे जायचं, समोर काहीही असू शकतं असं धरून. पुढे गाडी उभी असेल, रूळ तुटला असेल, किंवा नुसता सिग्नलच फेल असेल. म्हणून मुंगीचं पाऊल. त्यावेळी आत लोक शिव्या देत असतात ते कळतं, आणि मी तरी त्या वेळी डोळ्यात तेल घालून रुळाकडे बघत असतो.

आता गाड्यांबद्दल थोडं, कारण सुरुवातीला मी डीसी-एसी म्हटलं ते काय होतं हे सांगायला हवं. मुंबईत पहिली विजेची लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला धावली, व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून, 1500 व्होल्ट डीसी. आणि तेच 1500 व्होल्ट जवळजवळ 90 वर्षं चाललं. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी करंट जास्त, हजारो अँपिअर, तार जाड, दर थोड्या अंतरावर सबस्टेशन, आणि एकाच भागात चार गाड्यांनी एकदम पिकअप घेतला की व्होल्टेज खाली. ते केबिनमध्ये कळायचं, नॉच दिला तरी गाडी ओढतच नाही. 25 हजार व्होल्ट एसीला तेवढ्याच कामासाठी करंट सोळाव्या हिश्श्यापेक्षा कमी लागतो. वेस्टर्नचं काम 2012 ला पूर्ण झालं, सेंट्रल मेन लाइनचं 2015 ला, आणि हार्बरवर शेवटची डीसी लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. त्या रात्री माणसं ती गाडी बघायला म्हणून आली होती. जिने मला काम शिकवलं तिचा तो खटखट आवाज, नॉच बदलताना खालून कॅमशाफ्ट फिरायचा त्याचा, तो परत ऐकू येणार नव्हता.

सेंट्रलला एवढा उशीर का लागला तर पूल. 25 हजार व्होल्टला तार आणि पुलाच्या मध्ये मोकळी जागा जास्त लागते, आणि आपले रस्त्याचे पूल इंग्रजांच्या काळातले, खाली. कुठे रूळ खाली घेतले, कुठे स्पीड बांधला, सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल तर जानेवारी 2016 ला पाडावाच लागला. पहिला एसी, म्हणजे एअर कंडिशन रेक आला तो पण 2016 ला कुर्ला कारशेडमध्ये, सेंट्रलसाठीच, पण त्याची उंची जास्त निघाली आणि या पुलांमुळे तो शेवटी वेस्टर्नला गेला आणि 25 डिसेंबर 2017 ला बोरिवली-चर्चगेट धावला.

जांभळ्या-पांढऱ्या सीमेन्सच्या गाड्या 2007 पासून आणि मग 2015 पासून बंबार्डिअर, या आल्या आणि मोटरमनचं आयुष्य बदललं. थ्री फेज मोटर, झटका नाही, आणि ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होऊन वीज परत तारेत टाकते, 30 टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. जुन्या गाडीत ब्रेक म्हणजे चाकावर लोखंड घासणार, पावसात ते घसरणार, प्लॅटफॉर्मला बरोबर जागेवर उभी करणं हे कसब होतं. छपरावर ब्लोअर आले, आत हवा ढकलणारे. ही हवा चैन नाही, बारीक लक्ष द्या इथे, कारण दरवाजाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. आपल्याकडे गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात, त्याला रेल्वेच्या भाषेतच सुपर डेन्स क्रश लोड असा शब्द आहे. एक मीटर बाय एक मीटर आखा आणि त्यात पंधरा माणसं उभी करून बघा. एवढी माणसं श्वास घेतात तेव्हा आतली हवा किती लवकर खराब होते विचार करा. उघडी दारं हीच आजवर आपली सगळ्यात मोठी खिडकी होती.

एक सूचना मध्येच, पंचवीस हजार व्होल्टला हात लावावा लागत नाही, जवळ गेलात तरी ती उडी मारून येते. टपावर चढणारी पोरं डीसीच्या काळात कधी कधी वाचली, एसी करंटच्या तारेखाली सहसा वाचत नाहीत.

पावसाचं थोडक्यात सांगतो. मोटरी डब्याच्या खाली असतात हे एक, पण त्याच्या आधीच सिग्नल जातात. रुळात पाणी आलं की गाडी कुठे आहे ते सांगणारी यंत्रणा गोंधळते आणि सुरक्षित बाजूने सिग्नल लाल होतो, गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंटच्या मशीनमध्ये पाणी शिरतं. सायन, कुर्ला, मस्जिद या खोलगट जागा, आणि भरतीच्या वेळी पाणी बाहेर टाकायला जागा नसते. गाडी बंद ठेवली तर ती घाबरून ठेवली असं नाही.

आता दरवाजे. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना फुटबोर्डवरची माणसं खाली पडली, जीव गेले. त्या वळणावरून मी हजारो वेळा गाडी नेलीय, बातमी बघून रात्रभर झोप लागली नाही. मुंबईच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. रूळ ओलांडणारा माणूस मोटरमनला समोर दिसतो, त्याचा चेहरा दिसतो, आणि 80 च्या स्पीडला गाडी थांबायला 300 मीटर लागतात हे त्याला माहीत नसतं आणि आपल्याला माहीत असतं. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

त्या अपघातानंतर जाहीर झालं की नवीन लोकल आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांच्याच येतील आणि साध्या लोकलसाठी दरवाजाला हवा जायच्या झडपा, छतावर हवा आत ढकलणारे युनिट आणि डब्यातून डब्यात जायला वाट अशी रचना करणार. रचना बरोबर आहे, तिन्ही एकत्र केल्या तरच. नुसते दरवाजे लावले आणि हवा नाही दिली तर आत माणसं गुदमरतील, आणि डबे जोडले नाहीत तर दाराजवळची गर्दी दाराजवळच राहील. माझा या बदलाला पूर्ण पाठिंबा आहे, उशीर झालाय, खूप उशीर झालाय.

पण सेकंदांची किंमत मोजावी लागेल हे आत्ताच सांगून ठेवतो. दार उघडायला काही सेकंद, बंद व्हायला काही सेकंद, आणि बंद होताना कोणाची बॅग किंवा पाठ आली तर ते परत उघडणार. सगळी दारं बंद झाल्याशिवाय गाडीला पॉवरच मिळत नाही, अशी ती जोडलेली असतात. आपण वर हिशोब केला, दहा सेकंद जास्त म्हणजे कल्याणपर्यंत चार मिनिटं. मग टाइमटेबलमध्ये ते सेकंद आधीच धरावे लागतील, त्यामुळे एका तासात एखाद-दोन गाड्या कमी बसतील, आणि ती कमतरता भरायला बारा डब्यांच्या जागी पंधरा डबे लागतील. पंधरा डबा वेस्टर्नला 2009 पासून आहे आणि सेंट्रलला 2012 पासून, पण सेंट्रलला ती अगदी मोजक्या फास्ट फेऱ्यांना, कारण स्लोचे बरेच प्लॅटफॉर्म अजून बारा डब्यांचे, कारशेडच्या लाइनी तेवढ्या लांबीच्या, आणि प्लॅटफॉर्म वाढवला की सिग्नल आणि पॉइंट हलवावे लागतात. म्हणजे दरवाजाचा प्रश्न शेवटी प्लॅटफॉर्मच्या लांबीवर येऊन थांबतो.

नवीन सिग्नल यंत्रणा आहे, सीबीटीसी म्हणतात, मुंबईच्या लोकलसाठीच्या एमयूटीपी 3ए योजनेत मंजूर झाली होती, त्यात गाडी आणि कंट्रोल सतत रेडिओवर बोलतात, त्यामुळे मागची गाडी ठरावीक खांबांमधल्या सिग्नलवर न थांबता पुढच्या गाडीच्या शेपटाचा अंदाज घेऊन जवळ येऊ शकते. वरच्या हिशोबातलं मागची गाडी आत यायचं एक मिनिट त्याने थोडं कमी होईल. पहिले 30 सेकंद, माणसं चढा-उतरायचे, ते कोणत्याही यंत्रणेने कमी होत नाहीत.

एसी लोकल चालवणारा माझा एक जुना जोडीदार सांगतो, ठाण्याला संध्याकाळी दारं बंद करायचा इशारा झाला की बझर वाजतो, अकरा डब्यांची दारं मिटतात, बाराव्याच्या एका दारात कोणाची तरी पाठ. परत उघड, परत बंद. स्टार्टर हिरवा, मागे सिग्नलला दुसरी गाडी उभी, आणि त्याच्या डेस्कवरचा दारांचा दिवा अजून लागलेला नाही. तो लागला की मगच नॉच.